प्रयागनं ठेवलेलं नाव

सोमवार, ६ नोव्हेंबर १९९५

झालं! आज पुन्हा भर वर्गात इज्जत गेली.

नवी पिवळी साडी नेसून मी फळ्यावर तेराचा पाढा लिहीत होती. खिडकीतून खडा आला, पाठीत लागला. वळून पाहते तर प्रयाग! आणि पंचेचाळीस पोट्ट्यांसमोर तिनं मनगटानं सर्रकन नाक पुसून दाखवलं. वर्ग खो खो हसला. हसणारच — प्रयागच्या हातभाषेत ते माझं नाव आहे, आणि गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लहानपणी माझं नाक बारमाही वाहायचं, तेव्हा तिनं ठेवलं. आता मी तेवीस वर्षांची, नोकरीवाली शकूबाई, पर्समध्ये दोन-दोन रुमाल — पण नाव तेच! कितीदा हातापाया पडली. नाही म्हणजे नाही. प्रयागनं एकदा ठेवलेलं नाव बदलत नाही.

उशीर झाला म्हणून ती भागाला सोडायला आली होती. भागा तिच्या भावाची, महिपतदादाची पोरगी. सात वर्षांची, आत्यासारखीच जन्माची बहिरी. दाराकडून यायचा कंटाळा, म्हणून आत्यानं उचलली आणि खिडकीतून आत टाकली. गोणी टाकावी तशी! वरून मलाच डोळे वटारले — शिकव हिला नीट.

शिकवते बाई.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

मधल्या सुट्टीत उद्धवराव सरांनी बोलावलं. हेडमास्तरांच्या टेबलावर मंडल कचेरीचा कागद. ९ डिसेंबरला वांकिडीच्या शाळेत शिबिर. हैदराबादचे डॉक्टर येणार, आंधळ्या-बहिऱ्या, लंगड्या पोरांना तपासणार, दाखला देणार. दाखला असला की हैदराबादच्या निवासी शाळेत जागा. राहणं, जेवण, कपडे, सगळं फुकट.

"तुमच्या भागाची दरखास्त भरू का, शकूबाई? त्या शाळेतल्या पोरी लिहितात-वाचतात, शिवण शिकतात. एक तर पोस्टात लागली म्हन्ते."

मी म्हटलं, भरा सर, आजच भरा.

मग वर्गात आली आणि फळ्यावर तारीखच दोनदा चुकवली. वांकिडीची तीच शाळा. तोच वऱ्हांडा. तेरा वर्षं झाली.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

आज लिहायचं नाही.

रविवार, १२ नोव्हेंबर

महिपतदादाच्या शेतात सीतादही होती. पहिल्या वेच्याआधी कपाशीच्या झाडाला दहीभात दाखवायचा, मगच बोंडाला हात लावायचा. मायनं मला ओढतच नेलं. "मास्तरीन झाली म्हनून का कापूस इसरली?" माय माझी तीस वर्षं याच शेतात वेचते.

पण शेत बघावं तर प्रयाग असताना! पंचवीस-तीस बाया, या धुऱ्यापासून त्या बांधापर्यंत पसरलेल्या. आणि आवाज नाही. प्रयाग मधोमध उभी. हात वर करते — पाणी. हात आडवा — त्या दोन ओळी सोडून द्या, बोंड ओलं आहे. कमरेच्या झोळीवर थाप — भरली असेल तर रिकामी करा. दुसऱ्या शेतांत बाया ओरडून ओरडून घसा फोडतात. इथं बायांचे हात वेचतात आणि मध्येच एक हात बोलून घेतो. चुगल्या तर विचारू नका! द्वारकाबाईच्या सुनेचं भांडण अर्ध्या शेताला कळलं, आणि द्वारकाबाई तिथंच वेचत होती!

ही भाषा कोणी शिकवली नाही. प्रयाग आणि आम्ही पोट्टे धुऱ्यावर खेळायचो, आमच्या माया वेचायच्या. खेळता खेळता झाली. मग मायांनी आमच्याकडून उचलली. नावं मात्र फक्त प्रयाग ठेवायची. उद्धवराव सर — कान पिरगाळणे. तिची आई देवकाकाकू — नाकातली नथ. माझी माय — कमरेला झोळी बांधणे. चंपत — दोन बोटं चालवायची, त्यातलं एक वाकडं.

चंपतला पोलिओ. डावा पाय काडीसारखा. पण लंगडीच्या खेळात त्याला हरवून दाखवा! आम्ही दहा पावलांत धापा टाकायचो, तो एका पायावर सगळ्या आवाराला तीन चक्कर मारून, सगळ्यांना बाद करून, वर शीळ घालायचा. एकदा सगळ्यांनी भांडण काढलं — याला सवय आहे, याला खेळवायचं नाही! चंपत म्हणाला, "तुमाले दोन पाय हायत म्हनून तुमी पडता. मी का करू?" यावर काय बोलणार!

शेवटी ठरलं, लंगडीत चंपत दोन्ही बाजूंनी खेळेल. मग भांडण मिटलं.

बुधवार, १५ नोव्हेंबर

दरखास्तीवर सही पाहिजे म्हणून महिपतदादाच्या घरी गेली. देवकाकाकूनं खुर्ची दिली, चहा दिला — आता देते. मी बाई झाली ना!

लहानपणी आम्हाला ओसरीवरच बसवायची. पाणी वरून ओतायची. आमचा मोहल्ला विहारापाशी, त्यांचं घर मारुतीपाशी, काय ते समजून घ्या. पण प्रयाग माझा हात धरून थेट चुलीपाशी न्यायची! काकू मागून "अवं, अवं!" करायची, ते तिला ऐकू येत नव्हतं. आणि ऐकू न येणाऱ्या पोरीला ती गोष्ट हातानं कशी सांगणार? त्या गोष्टीची खूणच नव्हती. प्रयागनं केली नाही, आम्ही केली नाही. काकूनं दोन-चारदा प्रयत्न केला, मग कंटाळून मलाही भाकर वाढायला लागली.

शिबिराचं नाव काढलं आणि काकू उठली. आतून ट्रंक उघडल्याचा आवाज. मला माहीत होतं काय येणार. पिवळा पडलेला कागद, चार घड्यांचा.

"हे पाय! सरकारी शिक्का हाय! आयकू येते माह्या प्रयागले, डॉक्टरनं लिवून देल्लं. फक्त बोलाचा आळस हाय तिले. भागाचंबी तसंच असन."

तेरा वर्षं तो कागद दाखवते. पाहुण्यांना, मुलीकडच्यांना, मुलाकडच्यांना. प्रयागला बघायला आलेला एक पाहुणा तो कागद वाचून खूष झाला होता. मग त्यानं प्रयागला नाव विचारलं! प्रयागनं त्याला एकवार पाहिलं आणि आत जाऊन भाकरी थापायला बसली. काकू अजून म्हणते, लाजली.

मी कागदाकडे पाहिलंच नाही. चहा तोंड भाजेपर्यंत गटागटा प्यायली आणि सही न घेताच आली.

रविवार, १९ नोव्हेंबर

आता लिहूनच टाकते. ही वही कुठं कोण वाचतं! माय वाचत नाही. प्रयागच्या हातात दिली तरी तिला एक अक्षर लागणार नाही — आणि ते माझ्यामुळं.

आम्ही दहा-दहा वर्षांच्या होतो. महिपतदादाच्या बैलबंडीत बसून वांकिडीला असल्याच शिबिराला गेलो. चंपत होता, प्रयाग होती, देवकाकाकू होती आणि मी. मला कोणी बोलावलं नव्हतं. पण प्रयाग माझ्याशिवाय बंडीत बसेना. कोण मागून येतं, कोण हाक मारतं, हे सांगायला मी लागायची. ते माझं कामच होतं. बैल आला, सायकल आली की मी भुवई उडवायची. डावी भुवई म्हणजे डावीकडून, उजवी म्हणजे उजवीकडून. दोन्ही वेगवेगळ्या उडवता येतात मला, गावात दुसऱ्या कोणाला येत नव्हत्या. फार गर्व होता!

बंडीत चंपत म्हणाला, हातांनीही दाखवलं, दाखला भेटला की प्रयाग हैदराबादले जानार. तिकडंच राहनार. साल-साल येनार नाई.

चंपतनं सगळ्यांनाच शेंगा दिल्या. मी खाल्ल्या नाहीत.

वऱ्हांड्यात भिंतीकडे तोंड करून पोरांना उभं करत होते. सकाळचं ऊन पाठीवर. डॉक्टर मागं पितळी घंटा घेऊन. मी भिंतीला टेकून, प्रयागच्या समोरच. कोणी हटकलं नाही. घंटा वाजली. माझी भुवई उडाली. प्रयाग वळली.

पहिल्यांदा सवयीनं. देवाशप्पथ सवयीनं.

दुसऱ्यांदा? खरं लिही, शकू. दुसऱ्यांदा मला कळलं होतं. डॉक्टर उजवीकडे सरकला, मी उजवी उडवली. तिसऱ्यांदा डावीकडे, डावी उडवली. डॉक्टर खूष! "बागाने विनपडुतोंदि!" — चांगलं ऐकू येतं. कंपाउंडरनं लिहिलं, शिक्का मारला. देवकाकाकूनं कागद कपाळाला लावला.

चंपतला त्याचा दाखला मिळाला, बसचा पास मिळाला. प्रयागला तो कागद मिळाला. परत येताना आम्ही दोघी बंडीच्या मागं पाय सोडून बसलो आणि सगळ्या शेंगा खाल्ल्या. इतका आनंद झाला होता मला! आठवलं की अजून लाज वाटते.

पुढं मी शिकली, वांकिडीला गेली, ट्रेनिंग केलं, बाई झाली. ती कापसात.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

चंपतच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला गेली आणि ओकून टाकलं सगळं. ट्यूब पाण्यात बुडवून तो बुडबुडे बघत होता.

"मले वाटलंच होतं," म्हणाला. "तुही भुवई मी नाई पाह्यली का? मी तितंच होतो ना."

"मग बोलला काऊन नाई?"

"मलेबी ती जाऊ नये वाटे."

घ्या! म्हणजे हाही सामील! मग म्हणतो, "सांगून टाक तिले. हात हायत ना तुले?" आणि पंक्चरचे पैसे घेतले नाहीत.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

सांगायला गेली. धुऱ्यावर दोघीच होतो.

दंडावर सुई टोचली — डॉक्टर. मनगट हलवलं — घंटा. छातीवर बोट — मी. मग भुवई उडवली. तीनदा.

प्रयागनं माझं तोंड धरलं, पापणी वर केली आणि डोळ्यात फूऽऽ करून फुंकर मारली. काही गेलं का?

नाही गं बाई! पुन्हा केलं सगळं, सावकाश. आणि शेवटी दोन्ही हातांनी कान पकडले. चुकलं माझं, माफ कर.

ती उठली, घरी गेली, लसूण घालून तेल गरम करून आणलं, आणि माझं डोकं मांडीवर दाबून कानात ओतलं! चटका बसला, मी किंचाळली. ही आपली गालात हसते.

कान पकडणं हिला कळत नाही? लहानपणी उद्धवराव सरांनी आम्हा दोघींना मिळून शंभरदा कान पकडायला लावले असतील! वेड घेऊन पेडगावला जाते की काय ही?

कान अजून चिकट आहे.

सोमवार, २७ नोव्हेंबर

महिपतदादा शाळेत आला. सही केली, पण दरखास्त दिली नाही, खिशात ठेवली. "बाई, माह्यं काई नाई. प्रयाग हो म्हनन त पाठवतो. भागा तिचीच हाय. मी निस्ता बाप."

खरं आहे. भागा उठते आत्याच्या कुशीत, झोपते आत्याच्या कुशीत. आम्ही सगळे प्रयागशी हातानं बोलतो, पण आमचे हात म्हणजे परक्याचे. मध्येच थांबतो, अडतो, तोंड हलवतो. भागा तशी नाही. ती जन्मली आणि आत्याचे हात बघत मोठी झाली. दोघी बोलायला लागल्या की मलाही अर्धं कळत नाही! हात दिसत नाहीत, इतक्या भराभर. प्रयागला असं कोणी मिळालं नव्हतं कधी. आणि आता म्हणायचं, हिला मोटारीत बसव आणि पाठवून दे!

संध्याकाळी विचारलं तिला. मोटार — लांब — लय लांब — शाळा — भागा. हो? नाही?

प्रयाग कापसातला कचरा निवडत राहिली.

शुक्रवार, १ डिसेंबर

आज वर्गात मजा झाली. मजा कसली, घाम फुटला.

म्हटलं शिबिराची तालीम घेऊ. भागाला माझ्याकडे पाठ, वर्गाकडे तोंड करून उभी केली. मी मागं गेली आणि शाळेची घंटा हाणली. भागा गर्रकन वळली! मी चकित. पुन्हा वाजवली, पुन्हा वळली. तेव्हा लक्षात आलं — समोर बसलेली चव्वेचाळीस पोट्टी भुवया उडवत होती! जमत नाहीत तर डोळे मिचकावत होती, मान हलवत होती, एक पोट्टी तर कानच हलवत होती!

"कोनं शिकवलं रे हे?" मी ओरडली.

"तुमीच त शिकवलं बाई! भागाले मागून कोनी आलं का सांगाचं म्हनून!"

हो की. पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

कोणालाच शिबिराला न्यायचं नाही असं सांगितलं. पोट्टे रडकुंडीला आले. त्या दिवशी गावाबाहेर पाय ठेवला तर सगळ्यांना प्रयागकडून माझ्यासारखं नाव ठेवून घेईन म्हटलं. तेव्हा कुठं गप्प झाले!

बुधवार, ६ डिसेंबर

सकाळी विहारात. पांढरी साडी. मेणबत्ती लावताना प्रयागचीच आठवण. दरखास्त अजून महिपतदादाच्या खिशात.

शुक्रवार, ८ डिसेंबर

प्रयागनं आज शेताला सुट्टी घेतली. एवढ्या वेच्याच्या दिवसांत! अंगणात बसून भागाची वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली. चार वेळा मोजली मी. देवकाकाकू ट्रंकेतला कागद घेऊन बडबडत होती — "आयकू येते वं तिले! कायले पाठवता?" महिपतदादा गोठ्यात लपला होता.

मी पायरीवर बसली. हो का नाही, काहीतरी सांग ना बाई! कान धरले, भुवई उडवली, हात जोडले. प्रयागनं तेलाच्या हातानं माझ्या गालावर एक बारीकशी दिली आणि पुन्हा वेणीला लागली.

उठताना पाहिलं — भागाचा नवा फ्रॉक घडी करून ठेवला होता. त्याच्यावर दरखास्त.

शनिवार, ९ डिसेंबर

भागाला दाखला मिळाला.

तिचा नंबर यायच्या आधी प्रयाग तिच्यासमोर उकिडवी बसली. आज हात अगदी सावकाश चालवले. मलाही कळावं म्हणूनच असेल.

"तिथं उभी राह. डोळे मीट. गच्च. भिंतीवर डॉक्टरची सावली पडते, हात हलला की दिसते. मी डोळे मिटले नव्हते. मी सावली पाहिली. तीनदा पाहिली. मी वळली."

सावली! माझी भुवई नव्हेच! तेरा वर्षं मी उगाच — आणि कानात तेल ओतताना ही हसत होती!

मी तिचा दंड धरून गदागदा हलवला. काऊन? का वळली तू?

डॉक्टर बघत होते, सगळ्या मंडलाचे लोक बघत होते. प्रयागनं माझ्याकडे पाहिलं आणि मनगटानं सर्रकन नाक पुसलं.